दोष कुणाच्या पदरात?

काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर पसरायचा, वाळवायचा, त्यावर कार्बोल फुक्सिनचा लालभडक रंग ओतायचा आणि वाफ निघेपर्यंत खालून आच द्यायची. मग आम्लाने धुऊन काढायचं. बहुतेक जंतूंचा रंग या धुण्यात निघून जातो. काहींचा जात नाही, कारण त्यांच्या अंगावर मेणचट द्रव्याचं जाड आवरण असतं आणि त्यात मुरलेला रंग आम्लालाही दाद देत नाही. शेवटी निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली निळसर पसाऱ्यात बारीक लाल काड्या दिसू लागतात, कुठे एकट्या, कुठे दोन-चार एकमेकींवर पडलेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झील आणि नील्सन यांनी बसवलेली ही रीत आजही चालते. काडी दिसली की अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं जातं, आणि कागद घरी पोचायच्या आत गावात ‘टीबी’ पोचलेला असतो.

त्यापाठोपाठ दोन प्रश्न येतात. पहिला शेजारपाजारचे विचारतात: कुणाकडून आला? दुसरा आजारी माणूस स्वतःलाच विचारतो, बहुधा रात्री, खोकल्याची उबळ ओसरल्यावर: माझ्याच वाट्याला का? पहिला साथीच्या शास्त्राचा वाटतो, दुसरा धर्माचा. पण दोन्हींना एकच गोष्ट हवी असते. रोग देणारा कुणीतरी हवा असतो, मग तो सासरचा असो, माहेरचा असो, मागल्या जन्मीचा आपण स्वतःच असो, की वर बसलेला देव असो. दुखणं आहे त्या अर्थी ते कुणाच्या तरी पदरात टाकता आलंच पाहिजे, ही समजूत फार जुनी आहे.

ती समजूत जिथे अडखळते असा एक आजार आहे. लाल काडी दरवेळी क्षयाचीच असते असं नाही. मायकोबॅक्टेरिया नावाच्या या कुळातल्या दोघांनी माणसाला शतकानुशतकं छळलं. महारोगाचा जंतू नॉर्वेतल्या हान्सनने १८७३ साली पाहिला आणि क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. कुळात उरले ते दीडशेहून अधिक प्रकार. त्यांना मिळून क्षयेतर मायकोबॅक्टेरिया म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ते ‘एनटीएम’ असतं. अमेरिकेतल्या अर्नेस्ट रनियन यांनी १९५९ साली त्यांची पहिली नीट वर्गवारी लावली. तोवर क्षयाच्या रुग्णालयांत असे जंतू सापडले की त्यांच्याकडे बऱ्याचदा काणाडोळा व्हायचा.

हे जंतू राहतात मातीत, तळ्यात, ओढ्यात, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात, शॉवरच्या तोटीत. क्लोरीनने इतर जंतू मरतात, हे त्या मेणचट आवरणामुळे बरेचदा तगून राहतात. म्हणजे नगरपालिकेने शुद्ध केलेल्या पाण्यातही ते असू शकतात. बारीक तुषारांतून किंवा धुळीतून ते छातीत जातात. सगळ्यांच्याच जातात, आणि बहुतेकांना काहीही होत नाही. ज्याची फुप्फुसं आधीच कुठेतरी जायबंदी आहेत, जुन्या क्षयाने पोकळी पडलेली, श्वासनलिका फुगून सैल झालेली, खाणीच्या धुळीने किंवा चुलीच्या धुराने खराब झालेली, त्याच्या छातीत ते मुक्काम ठोकतात. मग महिनोन्‌महिने खोकला, बेडका, कधी त्यात रक्त, वजन उतरणं, संध्याकाळची कणकण. लक्षणं हुबेहूब क्षयाची. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की सहसा हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेल्या रुग्णांमध्ये यातला अब्सेसस नावाचा प्रकार दवाखान्यांतून पसरत असावा, असं २०१३ आणि २०१६ साली जनुकीय अभ्यासांतून दिसलं. तो अपवाद सोडला, तर ‘कुणाकडून आला?’ या प्रश्नाला इथे उत्तर द्यायला माणूसच सापडत नाही.

भंडारा जिल्ह्यात हे वाचताना थोडं थांबावं लागतं. तलावांचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख, तिथे पाणी आणि माती यांच्यापासून माणूस दूर राहणार तरी कसा? कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळी बांधून पाणी अडवलं, त्यावर धानाची बांधी पिकवली. मालगुजारी गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणून राहिले. आषाढ लागला की रोवणीला बाया पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभ्या असतात, कमरेत वाकून दिवसभर. वैनगंगा अख्ख्या जिल्ह्याला पाणी देते आणि पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणात साठते. उत्तरेला तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. तुमसरला धान भरडणाऱ्या गिरण्या आहेत. पाणी, चिखल, धूळ, कोंडा, धूर. इथल्या माणसाचं जगणं ज्यावर उभं आहे, त्याच यादीत या आजाराचीही सगळी सामग्री आहे.

विदर्भाच्या मातीपाण्यात हे जंतू आहेत, हा अंदाज नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या राहुल नारंग, प्रतिभा नारंग आणि डी. के. मेंदिरत्ता या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या पाण्याचे आणि मातीचे नमुने तपासून त्यांतून एनटीएम वेगळे काढले. त्यांचा लेख २००९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल मायक्रोबायॉलॉजी’मध्ये आला. सेवाग्राम वर्धा जिल्ह्यात आहे, आणि नागपूरच्या अलीकडे भंडारा, पलीकडे वर्धा. त्याआधी तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूला याच जंतूंनी एका मोठ्या प्रयोगाला कोड्यात टाकलं होतं. तिथे १९६८ मध्ये बीसीजी लशीची जगातली एक सर्वांत मोठी चाचणी सुरू झाली, आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस संरक्षण देत नाही असा निष्कर्ष आला. कारणांची चर्चा अनेक वर्षं चालली. त्यातलं एक ठळक कारण असं मांडलं गेलं की तिथल्या लोकांच्या शरीराची मातीपाण्यातल्या या जंतूंशी लहानपणापासूनच ओळख झालेली असते, त्यामुळे लशीला नव्याने शिकवण्यासारखं फारसं उरत नाही.

धुतल्या तांदळासारखं निर्दोष असं पाणी कुठेच नसतं, आणि पाण्यावर गुन्हाही दाखल करता येत नाही. मग दुखणाऱ्या माणसाने विचारायचं कुणाला?

आपल्याकडे छातीच्या रोगाची कथाच मुळी अपराधापासून सुरू होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला आठवा अध्याय राजयक्ष्म्याचा आहे. चंद्राने दक्ष प्रजापतीच्या मुलींशी लग्न केलं, पण जीव जडला एकट्या रोहिणीवर. बाकीच्यांनी बापाकडे गाऱ्हाणं नेलं, दक्ष कोपला आणि त्या कोपातून चंद्राला यक्ष्मा जडला. चंद्र हा राजा, आणि राजाला झाला म्हणून राजयक्ष्मा. अश्विनीकुमारांनी चंद्राला बरं केलं, आणि स्वर्गातून सुटलेला रोग माणसांत आला. पक्षपात, कोप, शिक्षा: रोगाला लागणारा सगळा नैतिक सरंजाम या कथेत हजर आहे.

पण त्याच अध्यायात चरक कथा बाजूला ठेवून कामाला लागतो. शक्तीबाहेरचे श्रम, शरीराचे वेग दाबून ठेवणं, धातूंचा क्षय आणि खाण्यापिण्याची आबाळ अशी चार कारणं तो मांडतो. यांत दक्ष नाही, रोहिणी नाही. रोवणीच्या दिवसांत अर्धपोटी राबणाऱ्या बाईला पाहून कुणीही मान्य करील अशी ही कारणं आहेत. चरकाने कथा पुसली नाही, पण तिला औषधाच्या आड येऊ दिलं नाही, याचा मोठेपणा आपल्या परंपरेत पुरेसा ओळखला गेला नाही असं वाटतं. लोकांच्या मनात उरली ती कथाच. अजूनही खंगत जाणाऱ्या माणसाकडे पाहून ‘भोग आहेत, भोगायचे’ असं म्हणणारे भेटतात, आणि ते दुष्ट नसतात. त्यांना त्या दुःखाला काही अर्थ द्यायचा असतो.

कर्मसिद्धान्ताला इथे त्याचं माप पुरेपूर द्यायला हवं. जग आंधळं नाही, कुणाचंही दुःख हवेतून पडत नाही, आज नीट वागलं तर उद्या बरा येईल, हा धीर त्याने असंख्य माणसांना दिला. निव्वळ योगायोगाने आपण खंगतो आहोत, हे सोसणं काहींना पापाचं ओझं सोसण्यापेक्षा जड जातं. पापाला निदान प्रायश्चित्त असतं. वैनगंगेच्या काठावर, भंडाऱ्यासमोरच्या अंभोऱ्याला, मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ रचला असं विदर्भाची परंपरा सांगते. त्या अद्वैताच्या वाटेने गेलं तर दुखतं ते देहाला, आत्म्याला त्याचा स्पर्श नाही. हीसुद्धा एक मोठी सांत्वना आहे. पण ती ज्याला पेलते त्याला पेलते. छातीत कळ येत असताना देह आपला नाही हे समजायला जो अभ्यास लागतो, तो दवाखान्याच्या रांगेत बसलेल्या माणसाने कधी करावा?

सांत्वना आणि आरोप यांच्यातली रेघ मात्र फार पुसट आहे. आजारी माणसाने स्वतःचं दुःख स्वतःच्या कर्माशी जोडलं तर ती त्याची श्रद्धा. दुसऱ्याने ते त्याच्या कर्माशी जोडलं की तोच आरोप होतो. आणि कर्मावर भागलं नाही की माणसं जवळचा कुणी शोधतात. करणी केली, नजर लावली, अमक्या बाईच्या पायगुणाने घर बसलं. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला त्यामागे नरेंद्र दाभोलकरांचं आयुष्य आणि बलिदान आहे. अमुक माणूस करणी करतो, रोग पसरवतो असा आळ घेऊन त्याचं जगणं नकोसं करणं, याचीही दखल त्या कायद्याच्या अनुसूचीने घेतली आहे. रोग देणारा शोधण्याची ओढ कुठवर जाऊ शकते, हे कायदा करणाऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं.

ही ओढ अडाण्यांचीच असते असं कुणी समजू नये. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, हजारो माणसं गेली. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असं गांधीजी जाहीरपणे म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांना हे मुळीच पटलं नाही. सृष्टीतल्या घडामोडीला नैतिक अर्थ चिकटवणं अवैज्ञानिक आहे आणि लोक ते सहज उचलतात म्हणून अधिक घातक आहे, असा त्यांचा आक्षेप. गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपल्या मतावर ठाम राहून उत्तरही दिलं. अस्पृश्यता हे पाप होतंच, त्यात शंका नाही. पण भूकंपात गाडल्या गेलेल्यांत अस्पृश्यही होते. शिक्षा म्हणावी तर ती नेमकी कुणाला झाली? या वादात रवींद्रनाथांची बाजू खरी होती, आणि ती आजही तितकीच खरी आहे.

पाच वर्षांनी, १९३९ मध्ये, परचुरे शास्त्री सेवाग्रामच्या आश्रमात आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, आणि महारोगाने जर्जर झालेले. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांची कुटी उभारली आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालीश केलं. पापपुण्याचा हिशेब मांडणारा हा माणूस रोग्यासमोर आल्यावर त्याने हिशेबाची वही उघडलीच नाही. महारोग म्हणजे पूर्वजन्मीचं पाप असं मानणारा समाज अवतीभवती होता. त्याच विदर्भात मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोग्यांची सेवा सुरू केली, पुढे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. या कुळातल्या एका जंतूला विदर्भाने जितकं जवळून पाहिलं तितकं क्वचितच कुणी पाहिलं असेल. तिथे जो धर्म उभा राहिला त्याने रोग्याला ‘का झालं’ विचारलं नाही, जखम कुठे आहे ते विचारलं.

हा धर्म नवा नव्हता. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले, दान देणाऱ्यांची नावं कोरलेले दगड निघाले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वैनगंगेच्या या काठावर भिक्खू राहत होते, इथलंच पाणी पीत होते आणि आजारीही पडत असणार.

ते ज्या परंपरेतले, तिच्या संयुत्तनिकायात एक छोटं सुत्त आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाकडे येतो. काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणसाला जे काही सुख-दुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच. यावर आपलं काय म्हणणं? बुद्ध आठ कारणं सांगतो. पित्त, कफ, वात, तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतूतला बदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्माचं फळ. पहिल्या सात कारणांनीही वेदना होते, हे माणसाला स्वतःला कळतं आणि जगही मान्य करतं. तेव्हा सगळंच पूर्वकर्माने होतं म्हणणारे स्वतःला जे ठाऊक आहे आणि जगाला जे मान्य आहे त्याच्या पुढे धावतात, असं बुद्धाचं उत्तर आहे. कर्म त्याने नाकारलं नाही, पण आठांतलं एक करून रांगेत बसवलं. ऋतुबदल त्याच्या आधी आहे.

हजारो मैलांवर योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, असाच प्रश्न आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? दोघांचंही नाही, असं येशू सांगतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. प्रश्न विचारणाऱ्यांनी दोनच पर्याय ठेवले होते. खोकणाऱ्या माणसासमोर आजही बहुधा दोनच ठेवले जातात.

एनटीएमचं निदान कसं करतात हे पाहिलं तर आठ कारणांच्या त्या यादीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बेडक्यात जंतू सापडला एवढ्याने आजार ठरत नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली घालून दिलेले आणि २०२० मध्ये युरोपीय संस्थांसह पुन्हा मांडलेले निकष कडक आहेत. लक्षणं हवीत, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवर खुणा हव्यात, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या बेडक्याच्या किमान दोन नमुन्यांतून तोच जंतू वाढून यायला हवा. एकदाच सापडला तर तो नळाच्या पाण्यातून आलेला पाहुणा असू शकतो. बियाणं सगळीकडे पडतं, पण बांधीत ओल आणि चिखलणी असेल तिथेच धान धरतं. इथेही जंतू, जखमी फुप्फुस, वय, शरीराची झुंजण्याची ताकद आणि जाणारा काळ एकत्र आले की आजार होतो. यातल्या एकालाच कारण म्हणून बाहेर काढता येत नाही.

ज्यांना जंतूमध्ये शत्रूच पाहायचा असतो त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९५८ साली मुंबईत, परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि वसंत रामजी खानोलकर यांनी महारोग्याच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. ‘आयसीआरसी बॅसिलस’ म्हणून तो ओळखला जातो. पुढे तो एनटीएमपैकी एव्हियम-इंट्रासेल्युलर गटातला ठरला, म्हणजे फुप्फुसाच्या आजारात जगभर सर्वाधिक सापडणाऱ्या गटातला. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जंतूपासून महारोगावरची लस तयार केली. दिल्लीत गुरसरन प्राण तलवार यांनी असाच दुसरा एक एनटीएम लशीसाठी वापरला. त्याच्या शास्त्रीय नावात आता ‘इंडिकस’ आणि ‘प्राणी’ असे दोन्ही शब्द आहेत. एका फुप्फुसात रोग करणारं कूळ दुसऱ्या शरीरात रोगाशी लढायला उभं राहतं. जंतूला हेतू नाही. राग नाही, न्याय नाही. त्याच्या हातून शिक्षा करवून घेणारा देव कल्पायचा, तर त्याच हाताने लस देणाराही तोच मानावा लागेल.

इथवर आल्यावर एक सोयीचा निष्कर्ष समोर येतो: दोष कुणाचाच नाही, मग जबाबदारीही कुणाची नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे ज्यांनी सर्वांत नेटकेपणाने मांडलं त्यांचा भंडाऱ्याशी संबंध आला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा असूच शकत नाही, असा युक्तिवाद केला. गरीब आणि खालच्या मानल्या गेलेल्या लोकांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. धर्मग्रंथांच्या चर्चेत हा मुद्दा आजही पुरता पचलेला नाही. दुःखाचं कारण माणसाच्या मागल्या जन्मात ढकललं की या जन्मातल्या सगळ्यांची सुटका होते. पाण्याच्या जंतूवर ढकललं तरी तेच होऊ शकतं.

मातीतल्या जंतूला कुणी जबाबदार नाही. पण खाणीतल्या माणसाला धुळीपासून संरक्षण मिळालं की नाही, याला जबाबदार माणसं आहेत. चूल धुराची असण्याला आहेत. पहिला क्षय उशिरा ओळखल्यामुळे फुप्फुसात पडलेल्या पोकळीला आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींमधल्या कामगारांत एनटीएमचा कान्सासी हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळला, तेव्हा जंतू पाण्यातला होता आणि जखमी फुप्फुसं खाणीने तयार केली होती.

आणि निदानाला जबाबदार माणसं आहेत. सीबी-नॅट किंवा गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट ही यंत्रं क्षयाच्या जंतूचा अंश काही तासांत ओळखतात. काचपट्टीवर लाल काडी दिसते आणि यंत्र म्हणतं क्षयाचा जंतू नाही, तेव्हा एनटीएमचा संशय घ्यायला हवा. पुढे जंतू वाढवून पाहायचा तर द्रव माध्यमातही नकारार्थी निकालासाठी सहा आठवडे वाट पाहावी लागते, त्यानंतर प्रकार ओळखायचा. तसं झालं नाही तर माणूस क्षयाच्या गोळ्या खात राहतो, गुण येत नाही, मग औषधाला दाद न देणारा टीबी म्हणून त्याच्यावर आणखी कडक औषधांचा मारा होतो. घरात त्याचं ताट वेगळं होतं, लेकराला जवळ घ्यायला त्याला भीती वाटते. ज्या आजारात यातलं काहीही लागत नाही, त्या आजारात हे सगळं घडतं. ‘काहीतरी केलं असशील’ हे वाक्य त्याला ऐकवलं जातं ते एका अपुऱ्या तपासणीच्या जोरावर.

उपचारही सोपे नाहीत. अझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही नेहमीची तीन औषधं. बेडका जंतुमुक्त झाल्यानंतरही पुरं वर्षभर चालू ठेवायची. इथॅम्ब्युटॉलने डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून दृष्टी आणि रंगांची ओळख अधूनमधून तपासावी लागते. अब्सेससला यातली बरीचशी औषधं लागूच पडत नाहीत; तिथे अमिकॅसिनची इंजेक्शनं लागतात आणि ती कानांना अपाय करू शकतात. कधी कधी डॉक्टर औषध न देता नुसतं लक्ष ठेवायचं ठरवतात, कारण आजार मंद आहे आणि औषधं जड आहेत. रुग्णाला हे समजावून सांगायला वेळ लागतो, आणि तोच वेळ गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सर्वांत आधी कापला जातो.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. तो कुणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नाही. बुद्ध आपला शिष्य आनंद याच्याकडून पाणी मागवतो, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर निजवतात. मग बुद्ध इतर भिक्खूंना बोलावतो. इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार, आणि माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. त्या भिक्खूने मागल्या जन्मी काय केलं होतं, हा विषय त्या प्रसंगात निघतच नाही. तिथेच बुद्धाने आजाऱ्याच्या सेवेचे नियमच घालून दिले: सेवा कुणी करायची, सेवा करणारा कसा हवा, रुग्णाने त्याला काय खरं सांगायचं. करुणा मनात असून भागत नाही, ती वाटून दिलेल्या कामात उतरवावी लागते, हे त्याने ओळखलं होतं.

भंडाऱ्यापुरतं ते काम असं दिसतं. गोळ्या नियमाने घेऊनही ज्याला गुण येत नाही, त्याचे दोन नमुने नागपूरच्या क्षयरोग संदर्भ प्रयोगशाळेपर्यंत पोचवणं. अहवालात एनटीएम आला तर तो क्षयाच्या यादीत कोंबून न ठेवणं. निक्षय पोषण योजनेचे पैसे क्षयरुग्णासाठी आहेत. तितकंच लांब औषध घेणाऱ्या या रुग्णाच्या आहाराचं काय, हा प्रश्न जिल्हा पातळीवर विचारणं. चिखला आणि डोंगरीच्या खाणीत राबलेल्या, पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसाचा खोकला ‘जुनाच आहे’ म्हणून सोडून न देणं. आणि आशाताईंना एवढं सांगून ठेवणं की या घरी गेल्यावर ताट वेगळं करायला सांगू नका, लेकरांना दूर ठेवायला सांगू नका, आणि कुणाकडून आला ते विचारू नका.